शिबिरातली माफी आणि रायपूरचा रविवार

मे महिन्यात रायपूरला चालले आहे असं मी सांगितलं, तेव्हा आमच्या जालन्याच्या शाळेतल्या बायांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. एकीनं तर विचारलं, "मॅडम, आपल्याकडचं ऊन कमी पडलं का?" मी सांगितलं, तिकडे आंबे खायला चालले आहे. ते अगदीच खोटं नव्हतं.

शांता माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन तिकडे गेली आणि चर्चच्या पाळकांची बायको झाली. दर उन्हाळ्यात ती आणि तिचे यजमान आसपासच्या मंडळ्यांतल्या तरुण मुलामुलींचं चार दिवसांचं शिबिर भरवतात, अभनपुराच्या पुढे एका आमराईत. मुलींवर आणि स्वयंपाकघरावर लक्ष ठेवायला एक खमकी बाई हवी म्हणून तिनं फोन केला. खमकी म्हटल्यावर तिला मीच आठवले, याचं मला नवल वाटलं नाही. तीस वर्षं वर्गात उभी राहून लोकांच्या चुका काढायची सवय जडली आहे, आणि ती शाळा सुटल्यावर सुटत नाही.

जायचं खरं कारण आंबे नव्हते, शिबिरही नव्हतं. माझा धाकटा भाऊ विजय रायपुरातच राहतो, समता कॉलनीत. आमची आई शेवटची दीड वर्षं त्याच्याकडे होती आणि तिथंच गेली. तिच्या मातीनंतर चर्चच्या हॉलमध्ये बाया बसल्या होत्या, तेव्हा मी विजयच्या बायकोबद्दल, सुनंदाबद्दल, सगळ्यांसमोर बोलले की हिनं माझ्या आईला उरलंसुरलं खाऊ घालून मारलं. आई मला फोनवर म्हणाली होती, "सकाळी कालचा भात खाते गं, पाण्यातला." तेवढं एक वाक्य मी धरून ठेवलं होतं. विजयनं नंतर समजावायला फोन केला, तो मी मध्येच बंद केला. त्याला तीन वर्षं झाली होती. आता त्याच्या घरापासून तीसेक किलोमीटरवर जाऊन बसायचं आणि आपल्याला काय वाटतं ते बघायचं, एवढंच मी ठरवलं होतं. विजयला कळवलं नव्हतं.

आमराईत

कौलारू छपराचे दोन हॉल, एक हापसा, मागे तलाव आणि पुढे आंब्याची झाडं. उकाडा असा की दुपारी बारा ते चार माणसं, कुत्री आणि पाळकसाहेबांचं प्रवचन, सगळं निपचित पडायचं. पोरं मात्र आनंदात होती. आम्ही ख्रिस्ती लोक आपल्याकडे भेटल्यावर सलाम म्हणतो, तिथं "जय मसीह की" म्हणतात. दोन दिवस माझ्या तोंडून सलामच निघत होता. मग मुलींनी मला सलाम मौसी असं नाव ठेवलं आणि मुद्दाम हात कपाळाला लावून सलाम करायला लागल्या.

उपासनेचं तर मला फार कौतुक वाटलं. आमची पेटी आणि तबला, तिथं मांदर, म्हणजे लांबट ढोल. एक मुलगी गळ्यात मांदर अडकवून मध्यभागी उभी राहायची आणि बाकीच्या हातात हात गुंफून तिच्याभोवती पावलं टाकत गीत म्हणायच्या. मी शेवटच्या रांगेत उभी राहून पावलांचा हिशोब लावत होते. तीन पुढे, एक मागे. तिसऱ्या दिवशी मलाही ओढलं आणि मी नेमकी एक पुढे, तीन मागे गेले.

स्वयंपाक सुकवारो बाईंच्या हातात होता. साठीची बाई, अंगानं काटकुळी, आवाज मात्र तलावाच्या पलीकडे जाईल असा. पहिल्या दिवशी मी पोळीची चौकशी केली, तर त्यांनी पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यावर भाजलेली तांदळाच्या पिठाची जाडजूड रोटी आणून दिली. तिला अंगाकर म्हणतात. बरोबर टोमॅटोची झणझणीत चटणी. मी ज्वारीच्या भाकरीची कट्टर माणूस, पण दोन खाल्ल्या आणि तिसरी मागायला लाजले.

या शिबिराची एक रीत मला नवी होती. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकतात आणि जोड्या लावतात. चार दिवस आपल्या जोडीदारासाठी प्रार्थना करायची आणि शेवटच्या दिवशी घरी गेल्यावर आपण कुठली एक गोष्ट करणार हे त्याला सांगायचं. मग जोडीदारानं फोन करून विचारायचं, केली का. शांता म्हणाली, "शिबिरात सगळेच संत असतात. घरी गेल्यावर धरणारं कोणीतरी पाहिजे." चिठ्ठ्यांत मोठी माणसंही असतात. माझ्या चिठ्ठीत सुकवारो बाई निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठले. पडवीत दोन मोठी पातेली झाकून ठेवली होती. झाकण काढलं तर रात्रीचा भात, वर वीतभर पाणी, त्यावर बारीक बुडबुडे. मला वाटलं, पोरींनी भांडी भिजत घातली आणि तशीच टाकून झोपायला गेल्या. आपल्याकडे उरलेल्या भाताला सकाळी फोडणी तरी मिळते, हा तर पार वाया गेलेला. मी दोन्ही पातेली ओढत नेऊन गाईंच्या कुंडात रिकामी केली, राखेनं लखलखीत घासली आणि शाबासकीची वाट बघत पायरीवर बसले.

थोड्या वेळानं सुकवारो बाई परातभर चिरलेला कांदा आणि हिरव्या मिरच्या घेऊन आल्या. त्यांनी पातेल्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग गाईंकडे.

"काबर फेंक देव बहिनी?" त्यांनी विचारलं. का फेकून दिलंत?

"खराब हो गया था," मी शिक्षिकेच्या हिंदीत सांगितलं.

त्या खाली बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. चाळीस पोरांची न्याहारी मी गाईंना घातली होती. त्या दिवशी सगळ्यांना मुरमुरे आणि गूळ मिळाला, आणि प्रार्थनेच्या वेळी एका मुलीनं गाईंच्या पोटासाठी आभार मानले.

त्याच्या पुढच्या सकाळी सुकवारो बाईंनी मला समोर बसवून वाडगं दिलं. रात्रीचा भात पाण्यात भिजलेला, किंचित आंबूस, त्यात मीठ, बाजूला कांदा आणि कैरीची चटणी. याला बासी म्हणतात. मी घाबरत पहिला घास घेतला. गार, हलकं, ताकभातासारखं काहीतरी. मग माझी उत्सुकता जागी झाली. कुठला तांदूळ, किती वेळ भिजवायचा, पाणी पितात का, रोज खातात का, सगळं विचारून घेतलं. त्या खात खात सांगत होत्या. "घाम म पेट जुड़ रहिथे," उन्हात पोट थंड राहतं. आणि पुढे म्हणाल्या, "सियान मन ला तो इही भाथे."

सियान म्हणजे म्हातारी माणसं. म्हाताऱ्यांना तर हेच आवडतं.

माझा घास तोंडातच राहिला. सकाळी कालचा भात खाते गं, पाण्यातला. आईचा आवाज मला आठवला, आणि पहिल्यांदाच हे आठवलं की ती ते तक्रारीच्या सुरात म्हणालीच नव्हती. ती खूश होती. मी तिला एक प्रश्न विचारला नव्हता. रोज पन्नास पोरांना प्रश्न विचारणारी मी, कसला भात गं, आवडतो का तुला, एवढं विचारलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी वाडगं तसंच ठेवून हापशावर तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ धूत बसले.

शेवटच्या दिवशी जोड्या बसल्या. सुकवारो बाई म्हणाल्या, मी गुडाखू सोडणार. गुडाखू म्हणजे तंबाखू-गुळाची काळी पेस्ट, तिकडच्या बाया सकाळी दातांना घासतात आणि मग दिवसभर तिच्याविना करमत नाही. मी म्हणाले, मी भावजयीची माफी मागणार. सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी मान हलवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून छत्तीसगढीत मोठ्यानं प्रार्थना केली. मला निम्मी कळली, पण उठले तेव्हा अंग हलकं झालं होतं. आता फक्त जायचं आणि म्हणायचं, असं वाटत होतं.

समता कॉलनी

विजयनं दार उघडलं आणि "ताई" म्हणून तसाच उभा राहिला. तो जाडा झाला आहे आणि केस गेले आहेत. सुनंदा आतून आली. तिचं माहेर रायपूरचंच, पणजोबा रेल्वेत नोकरीला म्हणून नागपूरकडून आलेले. बोली अजून तिकडचीच आहे.

"बसा ताई. पानी आनते," ती म्हणाली.

पाणी आलं, चहा आला, चकलीची बशी आली. कशातही कमी नव्हतं, पण तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी ठरवलं, उशीर नको. ती स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती तिथं गेले. बसमध्ये घोकलेली चार वाक्यं म्हणाले. आईच्या भाताचं मला आता कळलं, मी फार वाईट बोलले, मला माफ कर.

तिचा विळीवरचा हात थांबला नाही. "हव. केलं माफ. हात धुवून घ्या, जेवाले वाढते."

मला दहा मिनिटं फार बरं वाटलं. जेवताना लक्षात आलं की काहीच बदललेलं नाही. मीठ मागावं आणि मिळावं, तशी माफी मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या मागेमागे फिरले. भांडी घासायला गेले तर म्हणाली, राहू द्या. कपडे वाळत घातले तर तिनं ते काढून पुन्हा झटकून घातले. माझा भाचा कॉलेजात जातो. त्याला मी मराठीत काही विचारलं की तो हिंदीत उत्तर द्यायचा आणि आईकडे बघायचा. दुपारी सुकवारो बाईंचा फोन आला. मी आधी गुडाखूचं विचारलं.

"दू दिन छोड़े रेहेंव, आज बिहनिया कर डारेंव," त्यांनी सरळ सांगून टाकलं. दोन दिवस सोडली होती, आज सकाळी लावली. मग माझी पाळी.

"माफी माँग ली," मी म्हणाले.

"त भौजी का कहिस?" त्यांनी विचारलं. मग भावजय काय म्हणाली?

माफ केलं म्हणाली, असं मी सांगितलं. पलीकडे त्या गप्प बसल्या. त्यांच्या गप्प बसण्यानंच मला कळलं की काम झालेलं नाही.

सदर बाजार

शनिवारी सुनंदाला साडीला फॉल आणि अस्तराचं कापड घ्यायचं होतं. मी बरोबर येते म्हटलं तर तिला नाही म्हणता आलं नाही. तिच्या स्कूटीवर मागे बसून सदर बाजारातून जाणं हा एक अनुभव आहे. दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं, मध्ये हातगाड्या, समोरून येणाऱ्या गाड्या, आणि सुनंदा कोणाकडेही न बघता त्यातून सुईत दोरा ओवावा तशी निघत होती. मी डोळे मिटून प्रभूचं नाव घेतलं. शिबिरात एवढ्या मनापासून घेतलं नव्हतं.

कापडाच्या दुकानात चर्चमधली एक बाई भेटली. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अच्छा, ये वही जालना वाली दीदी हैं?" असं सुनंदाला विचारलं, आणि मग माझा हात हातात घेऊन, "आपकी माताजी के बारे में सुनके बहुत दुख हुआ था," असं हळहळून म्हणाली. सुनंदा कापडाच्या गठ्ठ्याकडे बघत उभी होती.

बाहेर आल्यावर मी रसवंतीच्या बाकावर तिला बसवलं. उसाचा रस आला. तिनं अर्धा पेला प्यायला आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघून बोलली.

"ताई, तुमी माफी कुठं मागितली? माह्या किचनमध्ये. अन् बोलल्या कुठं होत्या? चर्चच्या हॉलात, साऱ्या बायांसमोर."

मी बाकावर तिच्याकडे वळून बसले.

"आमच्या महिला सभेत दर रविवारी एकीची नाश्त्याची पाळी असते. तीन वर्षं झाले, माही पाळी लागली नाही. कोनी काही म्हनत नाही. यादी वाचतात, माहं नाव येत नाही. पहिले मले वाटलं, चुकलं असन. मग समजलं, हिच्या हातचं काहून खायाचं, असं आहे ते."

"तू त्यांना तेव्हाच सांगायचं ना, की आई स्वतः बासी मागायची."

"मयतीच्या घरी उठून भांडू? सासू मातीत गेली अन् सून भाताचं सांगून राहिली, असं म्हनले असते." तिनं पेला खाली ठेवला. "तुमी शिबिरातून आल्या, माफी मागितली, तुमाले हलकं वाटलं. सोमवारी गाडीत बसान. मले तर याच लोकायमध्ये राहाचं आहे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला ते सहन होईना. तिनं सांगितलेला शब्द न् शब्द खरा होता. आमराईत झाडाखाली बसून मी माफीचा विचार केला, तेव्हा त्यात माझी शरम होती, माझं ओझं होतं. सुनंदाचे तीन वर्षांचे रविवार त्यात कुठेच नव्हते.

रविवार

उपासनेनंतर हॉलमध्ये महिला सभा भरली. तोच हॉल, त्याच सतरंज्या. मी आधीच अध्यक्षीणबाईंकडे जाऊन दोन मिनिटं मागितली. "हाँ हाँ, कैंप की गवाही दीजिए," त्या आनंदानं म्हणाल्या. साक्ष म्हटली की आम्हा ख्रिस्ती बायांना फार आवडते. सुनंदा मागच्या भिंतीशी बसली होती. मी काय बोलणार हे तिला सांगितलं नव्हतं, कारण मला धीर होईल की नाही याचीच खात्री नव्हती.

मग मी उभी राहिले. शिबिरात सुकवारो बाईंना सांगणं सोपं होतं, तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाले, "तीन साल पहले इसी हॉल में मैंने कहा था कि सुनंदा ने मेरी माँ को बचा-खुचा खिलाया. वो झूठ था. माँ बासी खाती थी, अपनी पसंद से खाती थी. मुझे बासी क्या होता है ये भी नहीं पता था, और मैंने किसी से पूछा नहीं. सुनंदा ने मेरी माँ को डेढ़ साल सँभाला. मैंने एक दिन भी नहीं सँभाला."

शेवटचं वाक्य ठरवलेलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि मला रडू फुटलं.

मग जे झालं ते मला कधी सुचलं नसतं. बायांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, प्रभूची स्तुती असो, केवढी नम्रता. चौघीजणी उठून माझ्याकडे आल्या, कोणी हात धरला, कोणी पाणी दिलं, कोणी म्हणालं, "दीदी, कितनी हिम्मत चाहिए इसके लिए." दुकानातली बाईही होती. मी सुनंदाला लुटलं होतं आणि आता परत करायला आले, तर शाबासकीही मलाच मिळत होती. सुनंदा भिंतीशी तशीच बसली होती. तिच्याकडे कोणी गेलं नव्हतं.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी हात सोडवून घेतले आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "मेरे पास मत आइए. जिसके साथ गलत हुआ वो उधर बैठी है."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. अपमान झाल्यासारखा एकीनं पदर सावरला. शेवटी एक म्हाताऱ्या बाई, काठी टेकत टेकत, सतरंजी ओलांडून मागे गेल्या. त्यांनी सुनंदाला काही धीराचं वगैरे सांगितलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "सुनंदा, अगले इतवार का नाश्ता तुम ला सकती हो?"

सगळ्या वळून बघत होत्या.

"सोचके बताती हूँ, आंटी," सुनंदा म्हणाली.

दुपारी घरी ती कणीक मळायला बसली. मी समोर बसून लसूण सोलत होते, आणि या वेळी तिनं राहू द्या म्हटलं नाही. माझ्याच्यानं राहवेना. मी विचारलं, हो का नाही म्हणालीस.

"तीन वर्षं त्यायनं मले वाट पाहाले लावली. एक हप्ता त्यायले पाहू द्या."

मला हसू आलं. तीही ओठांतल्या ओठांत हसली, मग थांबली. परातीकडे बघत म्हणाली, "ताई, एक सांगते. शेवटी शेवटी मी एक दिवस आईवर लय ओरडली होती. त्यायनं बिछाना खराब केला होता, अन् मले ताप होता. तुमी हॉलात बोलल्या तवा मले वाटलं, खोटं तर खोटं, पन देवानं मले बरोबर पकडलं. म्हनून बी मी गप राहिली."

मी लसूण खाली ठेवला. आईला मी त्या दीड वर्षात दोनदा भेटायला आले होते, दोन्ही वेळा दोन दिवसांसाठी. एकदाही तिचा बिछाना बदलला नव्हता. हे मी सुनंदाला जसंच्या तसं सांगितलं.

"अन् माफ केलं का म्हनून आता मले इचारू नका," ती म्हणाली. "त्या दिवशी केलं म्हटलं, ते तोंडदेखलं होतं. अजून झालं नाही. पन करून राहिली मी."

बाहेर विजय पेपर वाचत बसला होता. मी त्याला हाक मारून सांगितलं, उद्याचं माझं तिकीट रद्द कर.

"काहून?" सुनंदानं विचारलं.

"शाळा जूनमध्ये उघडते," मी म्हणाले. "तू सावकाश कर."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग डबा पुढे ओढला आणि परातीत आणखी दोन मुठी कणीक घातली.